अहो गणित, अहो इतिहास

आमच्या शाळेत आल्या तेव्हापासून गेल्या तोपर्यंत बाईंनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही. मी ‘अहो गणित’ होतो. शेजारच्या वर्गावर शिकवणारे ज्येष्ठ सर ‘अहो इतिहास’ होते, पी.टी.चे सर ‘अहो शारीरिक’. विज्ञानाच्या मॅडम दोन, म्हणून उंच मॅडम ‘अहो भौतिक’ आणि दुसऱ्या ‘अहो जीव’. पॅसेजच्या टोकावरून ‘अहो जीव, जरा थांबा’ अशी हाक आली की नववीतली पोरं तोंडावर हात धरून हसायची. बाईंना त्याचं काहीच वाटत नसे. मुख्याध्यापिकांनी एकदा हळूच सुचवून पाहिलं, की नावं तक्त्यावर लिहून देऊ का. बाई म्हणाल्या, नको, नाव घेतलं की ओळख वाढते, ओळख वाढली की भीड पडते, आणि मग मला खरं बोलता येत नाही.

बाई आमच्या शाळेच्या नव्हत्या. पेणच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला होता आणि निवृत्तीनंतर एका संस्थेच्या कामात पडल्या होत्या. ही संस्था पनवेल तालुक्यातल्या काही माध्यमिक शाळांमध्ये शिक्षकांना प्रशिक्षण द्यायची. विषय वाचनाचा. आठवी ते दहावीच्या मुलांना प्रत्येक विषयाचं पुस्तक आपापलं वाचून समजलं पाहिजे, आणि ते शिकवणं हे त्या-त्या विषयाच्या शिक्षकाचं काम आहे, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला ते विचित्र वाटलं. वाचायला शिकवतात ते प्राथमिकला, उरलंसुरलं मराठीचे शिक्षक बघतात. गणिताच्या माणसाचा त्यात काय संबंध?

आमची शाळा जुनी, बाजाराच्या मागची, अनुदानित. पूर्वी आसपासच्या गावांतली मुलं यायची, अजूनही येतात. त्यांत आता नव्या टॉवरमधल्या नोकरदारांची आणि न्हावा शेव्याला कंटेनर ओढणाऱ्या ड्रायव्हरांची मुलं मिसळली आहेत. एका बाकावर तीन मुलं बसली तर तीन प्रकारची मराठी ऐकू येते. त्यामुळे मुलांना पुस्तकाची भाषा जड जाते हे आम्हाला दिसत होतं. पण त्यावरचा आमचा उपाय ठरलेला होता. आम्ही समजावून सांगायचो, पुन्हा सांगायचो, आणि शेवटी उत्तर लिहून द्यायचो.

पहिलं प्रशिक्षण एका शनिवारी शाळा सुटल्यावर हॉलमध्ये झालं. सगळ्यांना घरी जायची घाई. बाई आल्या, चपला दाराशी काढल्या, पंख्याखालची खुर्ची सोडून कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या आणि प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला. वर काही शीर्षक नव्हतं. मग पी.टी.च्या सरांना उठवून वाचायला सांगितलं. सर खणखणीत आवाजात वाचू लागले: चाळीस टाके घालावेत. पहिली ओळ दोन सुलट, एक उलट, अशी शेवटपर्यंत विणावी. पाचव्या ओळीपासून दोन्ही कडांना एकेक टाका कमी करत जावा.

वाचन संपल्यावर बाईंनी प्रश्न विचारले. टाके किती घालायचे? सर म्हणाले, चाळीस. पहिली ओळ कशी विणायची? दोन सुलट, एक उलट. टाके कधीपासून कमी करायचे? पाचव्या ओळीपासून.

“पैकीच्या पैकी गुण,” बाई म्हणाल्या. मग पिशवीतून लोकरीचा गुंडा आणि दोन सुया काढून त्यांच्यापुढे ठेवल्या. “आता विणून दाखवा.”

हॉलमध्ये हशा झाला. सरही हसले, पण सुया हातात घेऊन काय करायचं ते त्यांना कळेना. आमच्यात विणकाम येणाऱ्या एकट्या मुख्याध्यापिका होत्या आणि त्यांना बाईंनी आधीच गप्प राहायला सांगितलं होतं. हसणं थांबेपर्यंत बाई थांबल्या. मग म्हणाल्या, की सरांनी एकही शब्द चुकीचा वाचला नाही, सगळी उत्तरं बरोबर दिली, आणि त्यांना काहीही कळलेलं नाही. तुमच्या वर्गात अशी किती मुलं आहेत ते तुम्ही बघा, मी सोमवारी येते. एवढं बोलून त्या एस.टी. पकडायला निघून गेल्या. दोन तासांचं प्रशिक्षण पाऊण तासात संपलं, याचा आनंद आम्हाला जास्त झाला होता.

सोमवारपासून त्या आमच्या वर्गांत येऊन बसू लागल्या. निरीक्षणाला येणारी माणसं मागे खुर्ची टाकून वहीत काही लिहीत बसतात. बाई मुलांमध्ये बसायच्या, दोन मुलींना सरकवून, मांडी घालून. लिहायच्या काहीच नाहीत. शेजारचीचं पुस्तक ओढून घ्यायच्या आणि तिलाच विचारायच्या, हे काय गं? तास कंटाळवाणा झाला तर त्यांना खरोखरच झोप लागायची. एकदा भौतिकच्या तासाला त्या इतक्या गाढ झोपल्या की शेजारच्या मुलीने त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि तास संपेपर्यंत ती हलली नाही. जाग आल्यावर बाई मॅडमना म्हणाल्या, चुंबकापर्यंत मी जागी होते, तिथपर्यंत छान चाललं होतं.

त्यांच्या पिशवीत कायम कागद असायचे. औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी, बँकेचं पत्रक, एस.टी.च्या सीटवर कुणीतरी टाकून दिलेली नव्या गृहसंकुलाची जाहिरात. ‘विमानतळापासून अवघ्या दहा मिनिटांवर’ हे वाक्य त्यांनी आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, कशाने दहा मिनिटं? वर्गात अर्धा तास भांडण चाललं. रिक्षाने, ट्रॅफिक नसताना, रात्री, विमानानेच. शेवटी एक मुलगा म्हणाला, बाई, त्यांनी लिहिलंच नाही कशाने, म्हणजे ते फसवतायत. बाईंच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो मला अजून आठवतो. त्या कधी कुणाला शाबास म्हणत नसत. त्या मुलालाही म्हणाल्या नाहीत. फक्त पिशवीतून फुटाण्याची पुडी काढून त्याच्यापुढे धरली.

माझ्या वर्गातली गोष्ट मला चांगली आठवते. शाब्दिक उदाहरणं चालली होती. दोन नळ, एक टाकी. मुलं आकडे उचलत होती आणि जे सुचेल ते करत होती. कुणी बेरीज, कुणी गुणाकार. माझं मत असं, की मुलं गणितात कच्ची आहेत. बाईंनी एका मुलाला विचारलं, गणित राहू दे, इथे काय चाललंय ते गोष्टीसारखं सांग. तो सांगू लागला, की एक टाकी आहे, दोन नळ आहेत, ते सहा आणि आठ तासांत टाकी भरतात. मग अडखळला. बराच वेळ पुस्तकाकडे बघून म्हणाला, “सर, ‘अनुक्रमे’ म्हणजे काय?”

मी वर्गाला विचारलं, अनुक्रमे कुणाला माहीत आहे? चार-पाच हात वर आले. बाकीची मुलं कितवीपासून हा शब्द वाचत होती देव जाणे. कुणाला वाटे नळाच्या कंपनीचं नाव आहे. मी अनुक्रमे समजावून सांगायला तोंड उघडलं, तर बाईंनी बोट ओठांवर ठेवलं. मग त्या मुलांनीच वाक्य तीन वेळा वाचून, आपसांत वाद घालून अर्थ काढला: पहिल्याला पहिलं, दुसऱ्याला दुसरं. त्या दिवशी उदाहरण एकच झालं, पण जवळजवळ सगळ्या वर्गाचं बरोबर आलं. तास संपल्यावर बाई म्हणाल्या, “अहो गणित, तुमची मुलं गणितात पक्की आहेत. त्यांना प्रश्नच कुणी वाचायला दिला नव्हता.” तेव्हापासून मी धडा सुरू करण्याआधी त्यातले अडणारे शब्द मुलांकडून शोधून घेऊ लागलो, आणि बाई माझ्या वर्गात झोपेनाशा झाल्या.

इतिहासाच्या सरांचं मात्र वेगळं होतं.

सर इथलेच, खाडीकडच्या गावातले. घरची मिठागरं होती, ती गेली. सर शिकले आणि शिक्षक झाले. आवाज असा की मधली भिंत नावालाच होती. माझ्या गणिताच्या तासांना कायम पलीकडून लढाया ऐकू यायच्या. ते पुस्तक उघडत नसत. उभं राहून सांगायचे, आणि मुलं श्वास रोखून ऐकायची. दांडीयात्रा हा तर त्यांचा हातखंडा. त्या दिवशी ते घरून मूठभर खडे मीठ आणायचे आणि शेवटी मूठ उघडायचे. आमचे माजी विद्यार्थी आता बिल्डर झालेत, नगरसेवक झालेत, पण शाळेचा विषय निघाला की त्या मिठाबद्दलच बोलतात.

बाई त्यांच्या वर्गात पहिल्यांदा बसल्या तेव्हा जागच्या हलल्या नाहीत. बाहेर आल्या तेव्हा पदराने डोळे पुसत होत्या. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर त्या सरांना म्हणाल्या, की असं सांगणारा माणूस मी आजवर पाहिला नाही. सर खूश झाले. मग बाई म्हणाल्या, “म्हणूनच मला भीती वाटते. तुमच्या मुलांना पुस्तक उघडायची गरजच पडत नाही. उद्या ती कॉलेजात जातील, नोकरीचा करार हातात येईल, जमिनीचा कागद हातात येईल. तेव्हा सांगायला तुम्ही असणार का?”

सरांनी विचारलं, निकाल लागतो की नाही? बाई म्हणाल्या, लागतो, कारण उत्तरंही तुम्हीच सांगता.

रागावले की सरांची भाषा गावाकडे वळायची. “आमी काय पोरांचं वाईट करतो हाय का?” असं म्हणून ते उठले आणि बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुख्याध्यापिकांना सांगितलं, की या बाई माझ्या वर्गात येणार नाहीत. आमच्या शाळेच्या संस्थाचालकांपैकी एक जण सरांचाच विद्यार्थी. त्यांच्याकडून विचारणा आली, की हा वाचनाचा कार्यक्रम पुढल्या सत्रात चालू ठेवायची खरंच गरज आहे का. स्टाफरूममध्ये दोन तट पडले. गंमत अशी, की बाईंना हे सगळं माहीत होतं आणि तरी त्या रोज दिसल्या की ‘अहो इतिहास, नमस्कार’ म्हणायच्या. सर मान वळवून घ्यायचे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सरांचा आवाज बसला. काढे झाले, गुळण्या झाल्या, मग डॉक्टर. घशात गाठी निघाल्या, वर्षानुवर्षं ताणून बोलल्यामुळे आलेल्या. साध्याच होत्या, छोटी शस्त्रक्रिया करून काढल्या. पण डॉक्टरांनी बजावलं, की काही आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल. सरांनी रजा घ्यावी असं सगळ्यांनी सुचवलं. पण दहावीचं वर्ष, बदली शिक्षक मिळत नव्हता, आणि घरी बसून सर वेडे झाले असते. ते शाळेत येऊन स्टाफरूमच्या खिडकीशी बसत. माझ्या शेजारचा वर्ग शांत झाला. इतकी वर्षं त्या आवाजाला कंटाळलेला मी, पण त्या शांततेत मला धड शिकवता येईना.

एका दुपारी बाई डबा खात होत्या. सर उठून त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. खिशातला कागद काढून त्यावर एकच शब्द लिहिला आणि पुढे सरकवला. ‘आता?’

बाईंनी घास संपवला. आता तुमची वेळ आली, असं त्या म्हणाल्या असत्या तर आम्हाला नवल वाटलं नसतं. त्यांनी फक्त बाजूची खुर्ची ओढली. “बसा. उद्याचा धडा काढा.”

पहिला दिवस वाईट गेला. सरांनी फळ्यावर पान क्रमांक लिहिला आणि ‘वाचा’ असं लिहिलं. मुलांनी एक मिनिट वाचलं, मग बोलायला सुरुवात केली. सरांनी टेबलावर डस्टर आपटलं. गोंधळ वाढतच गेला. शेवटी सर वर्ग सोडून जिन्यात जाऊन बसले. एवढा धिप्पाड माणूस, आणि त्याला ओरडता येत नव्हतं. मी वर्ग शांत केला. बाई जिन्यात त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी दोघं शाळा भरायच्या आधी प्रयोगशाळेत बसलेले दिसले. बाई बोलत होत्या, सर लिहीत होते. मध्येच बाई म्हणाल्या, की तुम्ही बोलता तसंच लांबलचक लिहिता, जरा आवरा.

त्यांनी असं ठरवलं: वाचायच्या आधी फळ्यावर एक प्रश्न, असा की ज्याचं उत्तर एका ओळीत सापडणार नाही. अडणारे शब्द मुलांनीच शोधायचे. मग जोडीजोडीने एकेक परिच्छेद वाचायचा आणि दोघांनी मिळून ठरवायचं, यातलं एकच वाक्य ठेवायचं झालं तर कोणतं. जोड्यांचं एकमत झालं नाही तर भांडायचं, पण पुस्तकात बोट ठेवून. सर फक्त फिरायचे. तास झाला की बाई एकच विचारायच्या, आज कुणाचं वाचून झालं नाही? सरांना सुरुवातीला सांगता येत नसे. त्यांना नेहमी पन्नास चेहरे दिसत आले होते, एकेक मूल दिसायची वेळच आली नव्हती.

हळूहळू नावं यायला लागली. त्यात एक मुलगी होती, ओवे गावाहून येणारी, मागच्या बाकावर बसणारी. दहावीपर्यंत पोचली होती ती ऐकून ऐकून. सरांच्या गोष्टी तिला शब्दन्शब्द पाठ होत्या, पण पुस्तकातली ओळ वाचताना जोडाक्षर आलं की ती थांबायची आणि मैत्रिणीकडे बघायची. सर तिच्या बाकावर जाऊन बसू लागले. त्यांच्या वजनाने बाक करकरायचा. ती वाचायची, ते बोट ओळीखालून सरकवायचे. ती अडली तर त्यांना सांगता येत नव्हतं, म्हणून थांबायचे. तिला स्वतःच सोडवावं लागायचं. सर मला नंतर म्हणाले, की त्या वेळी तोंडात आलेला शब्द गिळताना घशाला शस्त्रक्रियेपेक्षा जास्त त्रास झाला.

डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा सरांचा आवाज परत आला, पण पहिला नाही; खरखरीत, दबका. मुलांनी हट्ट धरला, सर, दांडीयात्रा सांगा. तो भाग वाचून, भांडून झाला होता. पण सरांची दांडीयात्रा ऐकल्याशिवाय दहावी झाली असं कुणाला वाटत नव्हतं. सरांनी घरून मीठ आणलं. माझा तास मोकळा होता, मी दारात जाऊन उभा राहिलो. बाई मधल्या बाकावर होत्या, दोन मुलींच्या मध्ये.

सर हळू आवाजात सांगत होते, त्यामुळे वर्ग पुढे झुकून ऐकत होता. तो पहाटेचा आश्रम, ती काठी. मग त्यांचं ठरलेलं वाक्य आलं, मी भिंतीपलीकडून कितीदा ऐकलेलं: आणि तो म्हातारा एकटा निघाला, मागे वळून पाहिलं नाही, आणि गावागावातून माणसं येऊन मिळत गेली.

मागच्या बाकावर हात वर झाला.

सर सांगत असताना पूर्वी कुणी खोकलं तरी ते त्याला बाहेर काढत. मुलांना ते माहीत होतं. ओव्याची ती मुलगी उभी राहिली.

“सर, पुस्तकात तसं नाय,” ती म्हणाली. “ते एकटे नव्हते. निघतानाच सहकारी होते संगती. वाटेत आणखी वाढले.”

सर तिच्याकडे वळले. मुठीत मीठ तसंच होतं. मला वाटलं, आता सगळ्या आठवड्यांची मेहनत वाया जाणार.

“कुठल्या पानावर?” सर म्हणाले.

तिने पान सांगितलं. सगळ्या वर्गात पानं उलटल्याचा आवाज झाला. सर तिच्या बाकापाशी गेले, मूठ तशीच ठेवून वाकले आणि वाचलं. मग तिला मोठ्याने वाचायला सांगितलं. तिने वाचलं, सावकाश, एका जोडाक्षरावर अडली, कुणीही मदत केली नाही, आणि ती पुढे गेली.

सर म्हणाले, “म्हणजे मी इतकी वर्षं त्यांना एकटंच पाठवत होतो.” पुढच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, पण सर, तुमचं जास्त भारी होतं. सगळा वर्ग हसला. सरही हसले, आणि मूठ त्या मुलीच्या बाकावर उघडली.

स्टाफरूममध्ये त्यांनी चहाचा पहिला कप बाईंना दिला. म्हणाले, तुमी मला आधीच सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, माझ्या सांगण्याने काय झालं, तुम्ही रुसलात. त्या मुलीने वाचून दाखवलं तेव्हा पटलं. एवढं बोलून त्यांनी पुढला धडा उघडला आणि दोघं त्यावर वाद घालू लागले.

कार्यक्रम बंद करण्याचं पुन्हा कुणी बोललं नाही. मुदत संपली तेव्हा बाई दुसऱ्या शाळेत गेल्या, गोवा हायवेवर, कर्नाळ्याच्या अलीकडे. निरोपसमारंभाला मात्र त्या आल्याच नाहीत. त्या दिवशी पेणला लाडू वळत होते असं नंतर कळवलं. ओव्याची ती मुलगी आता कॉलेजात आहे. सर पुढच्या वर्षी निवृत्त होतील. पण शनिवारी शाळा सुटली की ते स्कूटर काढून बाईंच्या त्या नव्या शाळेत जातात, तिथल्या शिक्षकांबरोबर बसायला.

परवा त्यांच्याबरोबर मीही गेलो. बाई थकल्यात, गुडघे धरतात, पण चपला दाराशीच होत्या. मला बघून म्हणाल्या, अहो गणित, बसा. मग त्यांनी तिथल्या इतिहासाच्या तरुण शिक्षिकेला सरांची ओळख करून दिली. म्हणाल्या, “हे तुमच्या वर्गात बसतील. नंतर बोलतील, पण थोडंच. डॉक्टरांनी जास्त बोलायला बंदी केली आहे.”

सरांनी गंभीरपणे मान हलवली. तासभर ते मागच्या बाकावर बसले, आणि नंतर त्या शिक्षिकेला त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

परतताना मी स्कूटरवर सरांच्या मागे बसलो होतो. मी विचारलं, सर, तुमची बंदी तर मागेच उठली ना, पूर्ण बरे झालात म्हणून तुम्ही पेढे वाटले होते.

“उठली,” सर म्हणाले. “त्यांना माहीत हाय. पण आमी दोघं कुणाला सांगत नाय.”